माडी नसलेलं घर

"आक्का, कोन्ही मारं?" झिपरूने विचारलं.

भिकुबाईंचा डावा हात त्याच्या मांडीवर होता. मनगट पळीसारखं वाकलं होतं. झिपरू सारंगखेड्यात हाडं बसवायचा आणि हा प्रश्न तो प्रत्येकाला विचारायचा. मार किती जोराचा होता त्यावर ओढ किती द्यायची हे ठरतं, असं त्याचं म्हणणं. उत्तर मिळालं की तो ते गिळून टाकायचा. चाळीस वर्षांत त्याच्या पोटातून एकही उत्तर बाहेर पडलं नव्हतं.

"कोन्हीच नही," भिकुबाई म्हणाल्या. "जातावरथीन उठाले हात टेका, नि कटकन वाजनं."

झिपरूने त्यांच्याकडे पाहिलं. मग हळदीची वाटी घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेकडे, जसोदाकडे पाहिलं.

"हात टेकीसन हाड मोडत नही, आक्का," तो म्हणाला, आणि बांबूच्या कामट्या बांधू लागला.

गावातल्या शहाण्यासुरत्या सगळ्यांचं हेच मत होतं. हाड आपण होऊन मोडत नाही, ते कोणीतरी मोडावं लागतं. सदतीस सालातला हा भिकुबाईंचा दुसरा मोड. चैत्रात त्या नुसत्या खोकल्या आणि बरगडी गेली. दोन्ही वेळा घरात जसोदाशिवाय कोणी नव्हतं. शिवाय जसोदा अंगापिंडाने थोराड. कपाशीचं गाठोडं ती एकटी उचलून गाडीत टाकायची. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातांचं गावभर कौतुक झालं होतं. आता त्याच हातांकडे लोक बघत, पण कौतुक करत नसत.

आणखी एक अडचण होती. भिकुबाईंच्या शब्दाला या एका विषयात किंमत नव्हती. त्यांचे यजमान भाईदास पाटील हयात असताना भिकुबाई फार पडायच्या. विहिरीवर पडायच्या, गोठ्यात पडायच्या, आणि तीनदा तर माडीवरून पडल्या होत्या. घर धाब्याचं, एकमजली. माडी त्याला कधी नव्हतीच. पण ही गोष्ट कोणी काढली नाही. झिपरूने हाड बसवलं, शेजारणींनी शिरा आणून दिला, आणि सगळ्यांनी त्या माडीला नावं ठेवली. आठ वर्षांपूर्वी भाईदास पाटील गेले आणि त्या दिवसापासून भिकुबाईंचं पडणं थांबलं. गाव सभ्य असल्यामुळे त्याने याचीही नोंद घेतली नाही. एवढं मात्र सगळ्यांनी मनात पक्कं केलं होतं की ही बाई घरच्या माणसावर कधी दोष येऊ देत नाही. त्यामुळे "कोणी मारलं नाही" असं त्या म्हणाल्या, तेव्हा कोणी मारलं ते गावाला लगेच कळलं.

शहाद्याहून त्यांची लेक दिवलीबाई आली. आईचा हात पाहून रडली, मग डोळे पुसून कामाला लागली. भिंतीला भिंत लागून पितांबर पाटलांचं घर होतं. हे भाईदासांचे थोरले भाऊ, म्हणजे भिकुबाईंचे जेठ, आणि भाऊबंदांत सगळ्यात वडील. दिवलीबाईने त्यांच्याकडे जाऊन ठरवूनच टाकलं. येत्या सोमवारी भाऊबंद ओट्यावर बसतील, जसोदाला प्रकाशा गावी, तिच्या माहेरी, कायमचं पोचवलं जाईल आणि तिच्या नवऱ्याला, हिंमतरावाला, दुसरी करून देण्यात येईल. काम अर्धवट ठेवणं दिवलीबाईच्या स्वभावात नव्हतं. येताना वाटेत तिने एक मुलगीही पाहून ठेवली होती.

भिकुबाई लेकीला दिवसातून चारदा सांगायच्या की सुनेने हात लावलेला नाही. लेक मान डोलवायची. बापाच्या वेळीही ती अशीच मान डोलवत असे.

हिंमतराव कात्रीत सापडला. आई खोटं बोलते हे त्याला ठाऊक होतं आणि बायको मारत नाही हेही ठाऊक होतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे त्याला उमगेना. तेवढ्यात कोणीतरी त्याला सांगितलं की धुळ्याला एका डॉक्टरने हाडांचा फोटो काढायचं यंत्र आणलंय. फोटो कोणाच्या नात्यातला नसतो, असा विचार करून त्याने गुरुवारी आईला नावेतून तापी ओलांडवली आणि दोंडाईच्याहून मोटारीत बसवलं.

डॉक्टरने फोटो काढायच्या आधी पुष्कळ चौकशी केली. बाळंतपणं किती? नऊ, जगली चार. उपास? सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, आणि पाटील गेल्यापासून एकभुक्त. घरात दुभतं आहे का? तीन म्हशी. मग दूध? भिकुबाईंनी हिशेब सांगितला. दूध गड्यांना, मुलांना, चहाला, उरलेलं विरजणाला, लोणी तुपाला. तुमच्या वाट्याला काय, असं डॉक्टरने विचारल्यावर त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "ताक," त्या शेवटी म्हणाल्या. उंची कमी झाल्यासारखी वाटते का? तसं काही नाही, पण हल्ली लुगडी लांब विणतात, कमरेला दोन निऱ्या जास्त खोचाव्या लागतात.

डॉक्टर हसला नाही. फोटो तयार झाल्यावर त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि शेजारी दुसऱ्या कोणा गाडीवानाच्या हाताचा फोटो धरला. गाडीवानाचं हाड खडूसारखं पांढरं होतं. भिकुबाईंचं हाड ओळखायला शोधावं लागत होतं.

"हे पाहा. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखं झालंय, आतून पोकळ," डॉक्टर म्हणाला. "हाडातला चुना निघून गेला आहे. उतारवयात बायकांचं असं होतं. खोकला पुरतो, शिंक पुरते. कोणी मारायची गरज नाही."

हिंमतरावाने चार दिवसांनी पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. तो बाहेर सोडायच्या आत डॉक्टरचं बोट फोटोवर थोडं वर सरकलं.

"हे मात्र जुनं. एकाच हाडाला दोन गाठी. दोनदा मोडून जुळलंय." डॉक्टरने स्वतःचा हात तोंडासमोर आडवा धरून दाखवला. "पडल्यावर इथे मोडत नाही, बाई. हात असा धरला की मोडतं. कोणी मारलं—"

"पडनू," भिकुबाई म्हणाल्या. प्रश्न संपायच्या आतच उत्तर बाहेर आलं होतं.

डॉक्टरने पुढे विचारलं नाही. किती जुनं, असं हिंमतरावाने विचारलं. गाठ जुळली की साल दिसत नाही, एवढंच तो म्हणाला. मग त्याने चिठ्ठी लिहून दिली. माशाचं तेल दोन चमचे, दूध, सकाळचं ऊन. दळण नाही, पाणी ओढणं नाही. आणि उठवताना जपून उठवावं. चिठ्ठीत नवा मोडही लिहिला, जुने दोनही लिहिले.

परतताना नावेत हिंमतरावाने विचारलं, "माय, ते जुनं कव्हयनं शे?"

भिकुबाईंनी नावाड्याला विचारलं, की पाण्याला ओढ किती आहे. नाव काठाला लागेपर्यंत पाण्याचंच बोलणं चाललं.

सोमवारी सकाळी पितांबर पाटलांच्या ओट्यावर पाच माणसं बसली. झिपरूला हाडाचा जाणकार म्हणून बोलावलं होतं, तो खाली पायरीवर बसला. बायका दाराच्या आत. जसोदाचं बोचकं दिवलीबाईने आदल्या दिवशीच बांधून ठेवलं होतं आणि दारात गाडी जुंपून उभी होती, म्हणजे निकालाला उशीर नको.

हिंमतरावाने चिठ्ठी वाचली. पोकळ हाडापर्यंत सगळे शांत बसले. पोकळ हाड ही डॉक्टर लोकांची बोलायची पद्धत असणार, असा चेहरा त्यांनी केला. मग जुने दोन मोड आले आणि सगळे सरसावून बसले.

पितांबर पाटलांनी फोटो मागून घेतला. यात्रेत घोड्याचा पाय पारखावा तसा तो उन्हात धरला, मागे-पुढे केला.

"एक," ते म्हणाले. "दोन. नि हाई तिसरं."

फोटोत तीन मोड आणि जसोदाला येऊन सहा वर्षं. दोन वर्षांना एक, हिशेब बरोबर बसत होता. दिवलीबाईचा आवाज आतून आला, की आता डॉक्टरही तेच सांगतोय. हिंमतराव म्हणाला की ते जुने आहेत. सहा वर्षंही काही कालची नाहीत, असं एका भाऊबंदाने लक्षात आणून दिलं. सुनेला सोडवायला आणलेला फोटो हातोहात फिरला आणि ज्याच्या हाती गेला त्याने जसोदाच्या बोचक्याकडे पाहिलं. जसोदा रडत नव्हती. तिने बोचकं उचलून काखेला लावलं होतं.

तेव्हा भिकुबाई बाहेर आल्या.

जेठासमोर बाईने बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. पंचेचाळीस वर्षांत पितांबर पाटलांच्या कानावर भिकुबाईंचा शब्द सरळ पडला नव्हता. काही सांगायचंच झालं तर त्या ओट्याच्या खांबाला सांगायच्या आणि जेठांना ते योगायोगाने ऐकू यायचं. दोन घरांमधली भांडणं, वाटण्या, लग्नं, सगळी त्या खांबाने मिटवली होती. आताही त्या पदर नाकापर्यंत ओढून, झोळीतला हात सांभाळत खांबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"ते दोन मोड जसोदाना नहीत," त्या म्हणाल्या. "तव्हय जसोदाना जलमबी व्हयेल नव्हता."

पितांबर पाटलांनीही खांबाकडेच पाहिलं.

"मंग पडनी व्हई," ते खांबाला म्हणाले.

दार उघडं करून दिल्यासारखं ते वाक्य होतं. भिकुबाईंनी हो म्हणायचं होतं आणि आत जायचं होतं. भाईदासांचं नाव होतं तिथे राहिलं असतं. पण ते पडणं असेल, तर हे 'कोणी मारलं नाही'ही त्याच जातीचं, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला कळत होतं. भिकुबाईंनाही कळत होतं. बैलाने मान हलवली, घुंगरू वाजले.

भिकुबाई खांबाकडून वळल्या. चांगल्या हाताने त्यांनी पदर मागे सारला आणि जेठाच्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा, आपली भित एकच शे. तुम्ही आयकेल शे," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "मी पडनू नही. तुम्हना भाऊनी मारं. दोन्ही येळ. मी खोटं बोलनू, ते तुम्ही आयकी लिधं. आते खरं बोलस, तेबी आयकी ल्या. हाई पोरनी माले कव्हयच मारं नही."

पाच माणसं पाच वेगवेगळ्या दिशांना बघू लागली. दिवलीबाई आतून काहीतरी म्हणाली, ते तिचं तिलाही पुरतं ऐकू गेलं नसावं.

पायरीवर झिपरूने घसा खाकरला. "दोन्ही मीच बांधेल शेतस," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

पितांबर पाटलांनी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. मग ते खांबाकडे वळले.

"बैल सोडी द्या," ते म्हणाले.

बैल सोडले. तासाभराने ते पुन्हा जुंपावे लागले, कारण त्याच गाडीतून दिवलीबाई न जेवता शहाद्याला निघून गेली. जाताना आईच्या पाया पडली नाही. पुढे शहाद्यात ती सांगत असे की हाडांबरोबर मायचं डोकंही गेलं. भाऊबंद आपापल्या घरी गेले. हिंमतराव ताटावर बसला, दोन घास खाल्ले, आईच्या झोळीतल्या हाताकडे पाहिलं आणि पाणी न पिताच शेतावर गेला.

दुपारी घरात सासू-सून दोघीच राहिल्या. भिकुबाई चुलीपासून जरा लांब जमिनीवर बसल्या होत्या. त्यांना उठायचं होतं. सवयीने चांगला हात त्यांनी जमिनीवर टेकवला, मग आठवून उचलला आणि जसोदापुढे धरला.

जसोदा दोन पावलं आली आणि थांबली. तिने सासूच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या पंजांकडे. हात तसाच हवेत राहिला.

जसोदा वळली. पुढच्या दाराशी गेली, कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या बाईने मान वर केली. ती नीट बघते आहे, याची जसोदाने खात्री करून घेतली.

मग ती परत आली, खाली वाकली, आणि सासूच्या दोन्ही काखांत हात घालून तिला हळूहळू उठवू लागली.