पारदर्शक पिशवीतला डबा

टोक्योत कचऱ्याची पिशवी पारदर्शक लागते. आपण काय टाकलंय, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं.

मिरजेचं भडंग. लसूण जरा जास्त.

मार्चमधल्या एका रविवारी टोक्योच्या फुनाबोरी भागातल्या एका बाल्कनीत कोणीतरी ताट बडवलं. खालच्या मजल्यावरच्या जपानी आजोबांना वाटलं, आग लागली. ते चपला घालून जिन्यात येऊन उभे राहिले.

स्टीलवर विषाणू तीन दिवस जगतो. दहा जणांना पाठवा.

“चि. सौ. कां. सुप्रभा हिस, आईकडून.”

या सगळ्या गोष्टी एकाच घरातल्या आहेत. आणि खरं सांगायचं तर तुमच्या-माझ्या घरातल्याही असू शकतात.

ताट बडवणारी सुप्रभा. साल दोन हजार वीस. भारतात सगळे नातेवाईक डॉक्टर-नर्सच्या सन्मानासाठी थाळ्या वाजवत होते, म्हणून हिनेही व्हिडिओ कॉलवर वाजवली. नवरा उल्हास बेडरूममध्ये बसून ऑफिस करत होता, मुलगी कादंबरीची शाळा बंद होती, आणि दोन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई सरोजिनी विमानं बंद झाल्याने इथेच अडकल्या होत्या.

शेजारच्या दारात दमयंती राहायची. मिरजेत नर्सिंग शिकलेली, इथे येऊन जपानी भाषेतून परीक्षा पास झालेली. आता ती एका मोठ्या हॉस्पिटलात करोनाच्या वॉर्डात होती. तिचा नवरा आजारी वडिलांना बघायला पुण्याला गेला तो तिकडेच अडकला. घरात ती आणि चार वर्षांची अनघा, दोघीच. मे महिन्यात अनघाच्या पाळणाघराने अतिशय नम्रपणे कळवलं, आई त्या वॉर्डात काम करते, तेव्हा मुलीला तूर्त घरी ठेवलंत तर बरं.

दमयंतीने रजा टाकली. रजा संपत आली तेव्हा ती सुप्रभाच्या दारात आली. हातात सुप्रभाचाच, तिच्या आईने नाव कोरून दिलेला स्टीलचा डबा होता. पाडव्याला सुप्रभाने याच डब्यातून तिला श्रीखंड दिलं होतं. आता त्यात भडंग होतं.

“ताई, सोमवारपासून माझ्या ड्युटीच्या वेळात अनघाला ठेवून घ्याल? मी तिथून आंघोळ करूनच निघते हो. दुसरं कोणी नाहीये मला इथे.”

“अगं, माझं काही नाही,” सुप्रभा म्हणाली. “पण आईंना शुगर आहे ना. त्यांना विचारून सांगते.”

तिने विचारलं नाही. डबा दोन बोटांत धरून तो थेट बाल्कनीत नेला. झाकण उघडायचंही धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी न जळणारा कचरा न्यायचा वार होता. मोडकी छत्री, जुना तवा आणि मधे डबा. वरून छत्रीचं कापड नीट पसरलं. पिशवीला गाठ मारताना तिला वाटलं, चला, एक काळजी मिटली.

कचरा नेणाऱ्यांनी पिशवी उचललीच नाही. हलवून बघताना डब्याचं झाकण सुटलं आणि आत खाण्याचा जिन्नस दिसला. पिशवीवर पिवळा कागद चिकटवून ते निघून गेले.

पुढच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर डबा उंबऱ्याशी ठेवलेला, आणि मास्क लावलेली दमयंती मागे सरकून पार जिन्याच्या कठड्याला टेकून उभी.

“ताई, डबा चुकून कचऱ्यात गेला वाटतं तुमचा. अख्ख्या बिल्डिंगमध्ये हे नाव वाचता येणारी मी एकटीच, म्हणून घेऊन आले. घासलाय. गरम पाण्याने.” ती जरा थांबली. “आणि अनघाचं आता राहू द्या. सोमवारी राजीनामा देतेय मी. आईंना उगाच विचारू नका.”

ती गेली. सुप्रभाने झाकण उघडलं. आत वाटीभर साखर होती. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे दमयंती विसरली नव्हती.

“मला काय विचारणार होतीस गं तू?”

सरोजिनीबाई मागे उभ्या होत्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. सुप्रभाने सगळं सांगितलं, छत्रीच्या कापडासकट.

“म्हणजे घाबरलीस तू, आणि नाव माझं घातलंस.”

“आई, तुमची शुगर, तुमचं वय. काही झालं असतं तर? आणि तो मेसेज आला होता, स्टीलवर तीन दिवस...”

“मग तीन दिवस बाल्कनीत ठेवायचा होतास. फेकलास कशाला? आईने दिलेला डबा ना तो?”



“घाबरण्यात चूक नाही,” सरोजिनीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. “मीही घाबरते. खिडक्या उघड्या ठेवू, मास्क लावू, मी आतल्या खोलीत बसेन. पण तिचा विचार कर की. ती रोज त्याच खोलीत जाते जिथे जायला सख्खी मुलं भिताहेत. तिने नोकरी सोडली तर तिच्या पेशंटना पाणी कोण पाजणार? तू? ताट वाजवून?”

आतून उल्हासचा आवाज आला, “आई, जरा हळू, मीटिंग चालू आहे.”

“चालू दे. तुझ्या बायकोचीही चालू आहे.”

सुप्रभाला हसू आलं नाही. तिला ते छत्रीचं कापड दिसत होतं. झाकायला लागलं, म्हणजे हे चूक आहे हे तेव्हाच कळत होतं! मग भीतीचं कारण सांगून ती कोणाची समजूत घालत होती?

ती तशीच बाहेर पडली आणि शेजारची बेल दाबली. दार बोटभर उघडलं.

“डबा चुकून नव्हता गेला,” सुप्रभा म्हणाली.

“माहितेय मला.”

“मग तसं म्हणाली का नाहीस?”

“तुम्हीच सांगाल का, ते बघायचं होतं.” दमयंतीचा आवाज फार थकलेला होता. “ताई, रागवायचीसुद्धा ताकद नाहीये हो. थाळ्या वाजवल्यात त्याचा व्हिडिओ तुम्हीच पाठवलात ना मला? मला थाळ्या नकोत. दिवसातले आठ तास हवे आहेत.”

“सोमवारी सकाळी सोड अनघाला. राजीनामा देऊ नकोस.”

“आई?”

“त्याच रागावल्यात माझ्यावर. आधी त्यांना विचारलंच नव्हतं मी.”

दमयंतीने माफ केलं नाही. पण दार आता पूर्ण उघडं होतं.

सोमवारी अनघा आली. दारातच बूट काढून ओळीत ठेवले आणि खाली वाकून म्हणाली, “ओजामाशिमास.”

“काय म्हणतेय गं ही?” सरोजिनीबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं.

“तुम्हाला त्रास देते, म्हणतेय,” कादंबरीने सांगितलं.

“चार वर्षांच्या पोरीला हे कोणी शिकवलं?”

इथे सगळीच मुलं कोणाच्या घरी जाताना हे म्हणतात. सुप्रभाला हे ठाऊक होतं. तरी त्या दिवशी तिला मान वर करवेना.

वाचकहो, थाळी वाजवायला दार उघडावं लागत नाही, म्हणून ती सोपी असते. जे आपल्यासाठी जीव धोक्यात घालतात, त्यांचं मूल सांभाळा, त्यांच्या हातचा डबा घ्या, त्यांना जिन्यात बघून मागे सरकू नका. काळजी जरूर घ्या, पण ती घेताना त्यांना अस्पृश्य करू नका. सन्मान म्हणतात तो एवढाच.

कादंबरीचा जन्म मार्च दोन हजार अकराचा, जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवशीचा. धक्के चालू असताना वॉर्डातल्या एका नर्सने तिला छातीशी धरून ठेवलं होतं. सुप्रभाने त्या नर्सचं नाव विचारलं नव्हतं.