शिवणखोलीतला जळका वास

पहिलं भोक गिऱ्हाइकाच्या निळ्या झग्याला पडलं तेव्हा शिलाईवालीने इस्त्रीला दोष दिला. दुसरं एका सदऱ्याच्या बाहीवर दिसलं आणि तिची नजर धाकट्या दिराकडे वळली. नोकरी सुटल्यापासून तो त्यांच्याकडेच राहत होता, आणि सकाळी ती बाजारात गेली की घरात तो एकटाच असे. भोक मसुराच्या दाण्याएवढं, कडा काळपट. सिगारेटचंच, दुसरं कशाचं असणार?

सिगारेट सोडली, असं तो सगळ्यांना सांगत होता. तिने त्याचे खिसे चाचपले, धुवायच्या कपड्यांचा वास घेतला, खिडक्यांखाली थोटकं शोधली. हाती काहीच लागलं नाही. संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. पठ्ठ्या भलताच सावध दिसत होता. नवऱ्याच्या कानावर घातलं तर तो वैतागला. दोन कपड्यांपायी भावाला घराबाहेर काढू का, म्हणाला. तिने तसं म्हटलंच नव्हतं. पण दीर दाराआड होता आणि त्याने नेमकं तेवढंच ऐकलं. तेव्हापासून तोही तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागला. ती शिवायला बसली की उगाच दारावरून फेऱ्या मारायचा.

एका सकाळी ती पिशवी घेऊन निघाली आणि कोपऱ्यावरूनच परत फिरली. चपला हातात घेऊन, पाय न वाजवता आत आली. दीर शिवणखोलीतच होता, टांगलेल्या कपड्यांमागे अंग चोरून उभा. हात मात्र रिकामे.

"शेवटी सापडलात, भाऊजी," ती म्हणाली.

"मी घरात असलो की कपडे जळतात," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हीच जाळताय, वहिनी. मला घालवायला. आज कोपऱ्यावरून परत फिरताना दिसलात, म्हणून इथे लपलो."

तेवढ्यात जळका वास आला. खिडकीलगतच्या झग्यावर डोळे दिपवणारा एक ठिपका होता आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. दिराने झगा ओढून चोळला. मग रिकाम्या जागी हात धरला आणि चटका बसताच मागे घेतला. समोर टेबलावर, खिडकीकडे तोंड करून तिचा गोल आरसा उभा होता, चेहरा मोठा दाखवणारा, मध्ये खोलगट.

ऊन सरकल्यावर त्याने अस्तराचा पांढरा तुकडा त्याच जागी धरून जरा मागेपुढे केला. तुकड्यावर समोरचं घर उमटलं, नखाएवढं, रंगांसकट, पण उलटं. गच्चीवरची बाई खाली डोकं वर पाय करून कपडे वाळत घालत होती.

"माझं तोंड तर यात सुलट दिसतं," ती म्हणाली.

"तुम्ही अगदी जवळ असता म्हणून. लांबचं सगळं असं आरशाच्या पुढ्यात उलटं उमटतं. सकाळी सूर्य उमटायचा, सगळं ऊन एवढ्याशा जागेत गोळा करून."

आरसा इथे कशाला ठेवलाय, असं त्याने विचारलं. तिने उत्तर टाळलं.

जेवताना मात्र तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. हनुवटीवरचे केस उपटायला तो आरसा गुपचूप आणला होता, हेही, खिसे चाचपल्याचंही. नवऱ्याला हसू आवरेना. दीर हसला नाही.

"खिशांचं मला कळलं होतं," तो ताटाकडे बघत म्हणाला.

पुढे त्याला काम मिळालं आणि तो वेगळी खोली घेऊन राहू लागला. तिने अडवलं नाही. अडवायला तोंड नव्हतं. शर्ट तो अजून तिच्याकडूनच शिवून घेतो. मापं देण्याआधी खिसे रिकामे करून टेबलावर ठेवतो.