कुंदाबाई चेंडू घेऊन निघाल्या

सावद्याच्या कुंदाबाई सत्तरी उंबऱ्यात आली असताना चेंडूचे टप्पे द्यायला शिकल्या, त्याला कारण धुळ्याची रूपा.

दोघी धुळ्याच्या एकाच शाळेतल्या, एकाच बास्केटबॉल संघातल्या. कुंदाबाई शाळेत सगळ्यांत उंच, म्हणून कॅप्टन. बास्केटखाली खांबासारखं उभं राहायचं, कुणी चेंडू आणून दिला की वर टाकायचा, एवढंच त्यांचं काम. आणून द्यायची रूपा. टप्पे देत, वेण्या उडवत, समोरच्या पोरींना गुंगारा देत ती मैदानभर धावायची आणि टाळ्या मात्र कुंदाबाईंना पडायच्या. रूपाच्या पोटात ते अजून मुरत होतं.

आता शाळेनं सिमेंटचं नवंकोरं कोर्ट बांधलं. उद्घाटनाला जुन्या कॅप्टनबाईंनी टप्पे देत चेंडू या टोकापासून त्या टोकाला न्यायचा आणि मुख्याध्यापिकेच्या हाती द्यायचा असं ठरलं. लगेच रूपाचा फोन. आधी गुडघ्यांची चौकशी, मग साखरेची, मग मुद्दा.

"तुले नही जमनं ते मी शे ना, कुंदे."

म्हणजे कुंदाबाईंना नाही जमलं तर चेंडू ती नेणार. कुंदाबाईंनी जन्मात कधी टप्पा दिलेला नाही हे जगात ज्या एका बाईला पक्कं ठाऊक होतं, ती ही. कुंदाबाई फोन ठेवून तडक कोपऱ्यावरच्या अमीनच्या पंक्चरच्या दुकानात गेल्या. अमीनची लेक माहेनूर सावद्याच्या शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळायची. तिनं आजीबाईंना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, साडी खोचता येते का?

शिकवणी कुंदाबाईंच्याच अंगणात सुरू झाली. तिथं केळीच्या गाड्या भरायच्या. जमीन काळ्या मातीची, वर रोज सकाळी सडा. कुंदाबाईंनी पहिला टप्पा दिला, तर चेंडू मातीत बसला तो बसूनच राहिला. माहेनूर म्हणाली, जोर लावा. कुंदाबाईंनी लावला. उभा जन्म ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापलेल्या त्या हाताला जोर कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त तळवा नको, बोटं वापरा, हे मुरायला वेळ लागला. ओट्यावर चहा पीत बसलेल्या तोताराम आबांनी एकदा बायकोला विचारलं, की त्या चेंडूनं तुझं काय घोडं मारलं आहे? त्या दिवसापासून आबांना चहा स्वतः करून प्यावा लागला.

हळूहळू खांद्यापासून हाणलं की चेंडू कमरेपर्यंत यायला लागला. कुंदाबाई चालायलाही लागल्या. पण नजर सारखी खाली.

"आजी, चेंडूकडं बघायचं नाही," माहेनूर दटावायची. "तो कुठं पळून जात नाही. समोर बघायचं."

समोर बघायला कुंदाबाईंनी गोठ्याच्या दारावर मनातल्या मनात रूपाचं तोंड काढलं. मग मान आपोआप ताठ राहिली.

धुळ्याला मांडव, सोफे, कडक इस्त्रीचे प्रमुख पाहुणे, सगळा थाट होता. कोर्ट निळंशार, आरशासारखं गुळगुळीत. पलीकडच्या टोकाला मुख्याध्यापिका आणि तिच्या शेजारी रूपा, पायात पांढरे बूट. पाहुणीच्या पायात असे बूट कशाला, हे कुंदाबाईंना विचारावं लागलं नाही.

शिट्टी वाजली. कुंदाबाईंनी पदर खोचला, रूपाच्या तोंडावर नजर रोवली आणि सावद्याच्या मातीत हाणायच्या तसा चेंडू खांद्यापासून हाणला.

सिमेंटनं चेंडू गिळला नाही. तो कुंदाबाईंच्या नाकासमोरून वर गेला, अंबाड्याच्याही वर गेला आणि मांडवाची झालर चाटून थेट प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर उतरला. दुसऱ्याचं ओलं बाळ धरावं तसा त्यांनी तो धरला.

कुंदाबाईंचा हात खाली गेला, तिथं काही नव्हतं. पुन्हा गेला, पुन्हा वाराच लागला. हाताला कळायचं ते कळलं. पण पलीकडं रूपानं एक बूट पुढं टाकला होता. थांबलं की ती येणार.

कुंदाबाई थांबल्या नाहीत. मान ताठ, बोटं पसरलेली, हात खालीवर, खालीवर, अगदी माहेनूरनं शिकवल्याबरहुकूम. अर्ध्या वाटेत त्यांनी हातही बदलला. शाळेच्या पोरींना वाटलं, हाच कार्यक्रम आहे. त्यांनी हाताच्या ठेक्यावर टाळ्या धरल्या, आणि त्या ठेक्यात कुंदाबाई वळल्या, रूपाला बगल देऊन पुढं निघाल्या आणि शेवटच्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या. मग ओंजळीतलं जे काही होतं ते त्यांनी मुख्याध्यापिकेला दिलं. ती बिचारी वयानं लहान आणि वळणाची. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं.

टाळ्या, फोटो, सगळं झालं. पाहुणे चेंडू पोटाशी धरूनच भाषणाला उभे राहिले, कारण तो कुणाला परत द्यायचा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रूपा जवळ आली. हसू दाबून दाबून तिची कवळी हलत होती.

"कुंदे, चेंडू कोठे शे?"

कुंदाबाईंनी खोचलेला पदर सोडला, नीट खांद्यावर घेतला.

"चेंडूकडं बघायचं नसतं, रूपे."