संगणकाचा श्वास मोकळा करणारा माणूस

ऑफिसातले सगळे बूट काढून उभे होते आणि पायमोज्यांचा वास एसी इमानदारीने सगळ्यांना वाटत होता. मधल्या टेबलाशी वेगगुरू डोळे मिटून बसले होते. त्यांच्याकडच्या तांब्याच्या चकतीने म्हणे प्रोग्राम झटपट कंपाइल होत. कंपाइल करणं म्हणजे आम्ही लिहिलेल्या हजारो फाइली यंत्राला चालवता येतील अशा रूपात आणणं. आमच्याकडे याला इतका वेळ लागे, की तेवढ्यात एकाचं लग्न ठरून मोडलंही होतं.

गुरू संगणकाला गोंजारत म्हणाले, याचा श्वास कोंडलाय; आधी आहे तसाच चालवा. चालवला. आम्ही चहा प्यायलो, जेवलो, एकमेकांना कंटाळलो. मग त्यांनी चकती चिकटवली, फुंकर मारली, माउस डावीकडे ठेवला आणि पुन्हा चालवायला सांगितलं. बटणावरचं बोट उचलायच्या आत काम संपलं. शिकलेसवरले इंजिनिअर एकमेकांना मिठ्या मारू लागले. साहेबांनी माउसला नमस्कार केला.

इथवर गंमत होती. मग गुरूंनी खोली हुंगली आणि ते ताईंपाशी थांबले. ताई आमच्यात सर्वांत जुन्या, कंपाइलचं काम त्यांच्याकडे. फुंकरीने फक्त धूळ उडते, एवढंच त्या मघाशी बोलल्या होत्या.

"जड लहरी इथूनच येतात," गुरू म्हणाले. "या बाई असतील तोवर चकती टिकणार नाही."

साहेबांनी ताईंना सामान आवरायला सांगितलं. उद्यापासून येऊ नका. ज्यांना ताईंनी हाताला धरून शिकवलं, तेच खुर्च्या मागे सरकवू लागले. एकाने त्यांचा की-बोर्ड सॅनिटायझरने पुसला.

"घरी लेकीला काय सांगू, साहेब? माझ्या लहरी जड आहेत म्हणून?" ताई म्हणाल्या. "एकदाच पुन्हा चालवा. चकती राहू द्या, मी बाहेर उभी राहते." मग माझ्याकडे वळून, "तू आधी मघाशी कंपाइल होऊन साठलेले तयार तुकडे पुसून टाक."

पुसल्याने यंत्राला धक्का बसतो, असं गुरू सांगू लागले. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी पुसून मोकळा झालो होतो.

यंत्र पुन्हा रांगू लागलं. गुरू फुंकून फुंकून घामाघूम झाले. शेवटी त्यांचाच श्वास कोंडला.

ताई दारातूनच बोलल्या. पहिल्या वेळी यंत्राने सगळ्या फाइली तयार केल्या. दुसऱ्या वेळी एकही बदललेली नव्हती, म्हणून जुनेच तुकडे उचलले. काम झालंच नव्हतं. खरा वेळ खातो तो अँटिव्हायरस, तयार होणारी प्रत्येक फाइल तपासत बसतो. त्याच्या तपासणीतून आपल्या कामाचा फोल्डर वगळा, असं त्या कधीच्या सांगत होत्या. आता तो वगळला, पहिल्यापासून चालवलं, आणि वेळ निम्म्यावर आला. चमत्कार नव्हे, निम्मा.

तयार तुकड्यांची गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. कॉलेजात ती लिहून आम्ही मार्क मिळवले होते.

साहेबांनी ताईंना थांबायला सांगितलं. वर म्हणाले, चकती असू द्या, तिने काय बिघडतंय?

"तिच्यामुळे आत्ता मी रस्त्यावर होते," ताई म्हणाल्या आणि ती उचकटून कचऱ्यात टाकली.

तुमच्याकडेही असा कुणी येईल. त्याला एवढंच सांगा: पहिल्यापासून करून दाखव, आमच्या हातून करून दाखव. आणि तो दाखवेपर्यंत त्याच्या सांगण्यावरून कुणाच्या पोटावर पाय देऊ नका.