तिसऱ्या प्लगजवळचं पाणी

तीन आठवडे दवाखान्यात काढून गॅरेजवाल्या मिस्त्रीची बायको आज दुपारी घरी यायची होती. म्हणून सकाळी उठल्या उठल्या मिस्त्री गाडी धुवायला लागला. टप धुतला, चाकं घासली, काचा पुसल्या. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण समाधान होईना, म्हणून त्याने बॉनेट उघडलं आणि जोराच्या पाण्याचा पाइप थेट इंजिनावर धरला.

शेजारचा पेंटर सायकलला डबे अडकवून कामावर निघाला होता, तो थांबला.

"वहिनी येणार म्हणून गाडीला आंघोळ? आणि स्वतः कधी करणार मिस्त्री?"

"आधी तिची बोलणी खाईन, मग करीन!"

दारात उभी असलेली मुलगी हसली. आईच्या आजारपणासाठी ती सासरहून आली होती. आज तिने आईच्या अंथरुणावर धुतलेली चादर घातली होती, आणि बाबांना असं मोठ्याने बोलताना ती तीन आठवड्यांनी ऐकत होती.

पावणेदहाला फोन आला. नर्स होती. "आईंना श्वास घेता येत नाहीये. डॉक्टर जवळच आहेत, पण तुम्ही लगेच निघा."

मुलीने सांगितलं तसा मिस्त्री ओल्या हातांनीच गाडीत बसला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण ताप भरल्यासारखं सगळं धूड थरथरायला लागलं.

"मिसिंग करतेय, एक सिलिंडर पेटत नाहीये," तो म्हणाला.

मुलीने तोवर टॅक्सीवाल्याला फोन लावला होता. "पंधरा मिनिटांत येतो म्हणतोय, बाबा."

"पंधरा? दहात काढतो मी. नको म्हणून सांग त्याला."

"पण बाबा..."

"अगं, जन्मभर दुसरं केलंय काय मी!"

ते खरंच होतं. ढकलत आणलेल्या गाड्या बाबांच्या हाताखालून गुरगुरत बाहेर पडताना बघतच ती मोठी झाली होती. तिने टॅक्सीवाल्याला नको म्हणून सांगितलं.

आधी बंद पडलेलं सिलिंडर शोधायचं आणि मगच पान्याला हात लावायचा, हे मिस्त्री येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. आज स्वतःच विसरला. पंधरा दिवसांपूर्वी त्याने दोन नंबरच्या प्लगवर एका जुन्या गाडीची कॉइल बसवली होती. तेवढ्यापुरती. ठिणगी देते आहे ना, मग झालं. तेव्हापासून ती मनात सलत होती, म्हणून तो सरळ तिच्यावरच गेला.

"दोन नंबर झोपलाय," तो म्हणाला. एरवी 'मेलाय' म्हणाला असता.

नवी कॉइल शोधताना कपाटातले चार खोके उलटेपालटे झाले. सापडली, बसली, किल्ली फिरली. थरथर तशीच. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलगी दवाखान्याचा नंबर लावत होती. तिकडे कोणी उचलत नव्हतं.

मग मिस्त्रीने क्षणभर डोळे मिटले, आणि जे आधी करायचं ते आता केलं. चालू इंजिनावर एकेका कॉइलची वायर काढून बघितली. पहिलीची काढली, इंजिनाचा आवाज आणखी बसला. लावली. दुसरीची काढली, पुन्हा बसला. तिसरीची काढली. काहीच फरक नाही. म्हणजे झोपलेला हाच.

"बंद कर," तो किल्लीपाशी बसलेल्या मुलीला म्हणाला.

त्याने तिसरी कॉइल उपसली. तिच्या रबरातून पाणी ठिबकत होतं. खाली खोबणीत टॉर्च मारला, तर प्लग बुडालेला. स्वच्छ, सकाळचं पाणी. मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिला.

"मीच घातलं गं," तो म्हणाला.

"पुसा बाबा. लवकर पुसा."

त्याने हवेचा पाइप लावला. पाणी उडून त्याच्या तोंडावर आलं, ते त्याने पुसलं नाही. प्लग काढून कोरडा केला, पुन्हा बसवला. किल्ली फिरवताच इंजिन असं एकसारखं चालायला लागलं, की वर राहिलेला पानासुद्धा हलेना. त्या आवाजाने आनंद झाला नाही अशी ही त्याची पहिलीच वेळ. साडेदहा वाजले होते.

वीस मिनिटांनी मुलगी दवाखान्याच्या दारात उतरून पळत वर गेली. तो गाडी लावायला थांबला.

खाटेभोवती पडदा ओढलेला होता. नर्सने तिचा हात धरला. "दहाच मिनिटं झाली गं बाई. दाराकडेच बघत होत्या." सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर वेळ होती, दहा चाळीस.

हिशोबाला वेळ लागला नाही. टॅक्सी दहाला दारात आली असती. दहा वीसला आपण इथे असतो. आणि नको म्हणून सांगणारा आवाज आपलाच.

मिस्त्री कठडा धरत जिना चढून आला. तिने त्याला बाहेरच गाठलं. तिचं तोंड बघून तो बाकावर बसला.

"किती वाजता?"

तिने कागद मागे घेतला. त्याने तिच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. डोळे भरलेले, त्याला काही दिसत नव्हतं. "वाच."

"नऊ पन्नास," ती म्हणाली. "फोन ठेवला आणि लगेच."

"म्हणजे गाडी..."

"गाडी धड असती तरी पोचलो नसतो बाबा."

"वाट बघितली नाही ना तिने?"

"नाही. मुळीच नाही."

तेव्हा कुठे तो ओंजळीत तोंड घालून मोठ्याने रडला. नर्स दाराशी येऊन काही बोलणार होती. मुलीने मान हलवली तशी ती मागे फिरली. पुढे मृत्यूचा दाखला बाबांच्या हातात येईल, त्यावर वेळ असेलच. तेव्हाचं तेव्हा.

"बघू दे मला," मिस्त्री उठत म्हणाला.

"एक मिनिट थांबा."

ती एकटीच पडद्याआड गेली. आईची मान अजून दाराकडे वळलेली होती. तिने दोन्ही हातांनी ती हलकेच सरळ केली, उशी सारखी केली, आणि मग हाक मारली, "या बाबा."