चौथ्या रुळाची जाळी

१९८८ साल. माझा भाऊ राडको जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या वसंतात जिल्ह्याने आमच्या वाचनालयाच्या तळघरासाठी रंगीत टीव्ही, व्हिडिओ यंत्र आणि चाळीस खुर्च्या पाठवल्या. तिकिटं फाडायची, खोली झाडायची आणि प्रेक्षकांची अभिप्रायवही सांभाळायची, ही तिन्ही कामं माझ्याकडे आली.

राडको चामड्याच्या कारखान्यात चौथ्या रुळावर काम करायचा. ओली कातडी दोन जड रुळांमधून दाबून काढायची असतात. हात आत जाऊ नये म्हणून रुळांपुढे लोखंडी जाळी असते. जाळीने काम सावकाश होतं, म्हणून कारखान्याचा डायरेक्टर क्रुम त्साचेव याने ती काढायला लावली. हुकूम तोंडी, कागदावर काही नाही. नऊ मार्चला राडकोची बाही आत गेली. चौकशीच्या कागदावर लिहून आलं, 'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.'

"सदरा घालण्याआधी बटणं मोजणारा पोरगा माझा," आई म्हणायची. "तो निष्काळजी?" पुढे पुढे ती पावाच्या रांगेतही उभी राहीना. लोक आपल्याकडे निष्काळजी पोराची आई म्हणून बघतात, असं तिने मनात घेतलं होतं.

मी अर्ज घेऊन त्साचेवकडे गेले होते. त्याने मान वर केली नाही. "बाई, मेलेल्याचा कागद बदलत नसतो," एवढंच म्हणाला. ते वाक्य मी दोन वर्षं जपून ठेवलं.

एप्रिलमध्ये जिल्ह्याकडून बारा सिनेमांची यादी आली, प्रत्येकाखाली चार ओळींचा सारांश. त्यातून एक निवडायचा होता. सातवा होता 'राखाडी पहारेकरी'. अमेरिकेतल्या कुठल्याशा चित्रकथेवरून स्वस्तात काढलेला. सारांशात लिहिलं होतं, कारखान्याचा मालक यंत्राची जाळी काढायला लावतो, कामगार मरतो, दोष त्याच्याच माथी येतो, आणि त्याचा भाऊ वेल्डिंगचा मुखवटा घालून एकेकाचा सूड घेतो. मी त्या आकड्याभोवती गोल केला आणि यादी परत पाठवली.

नवी अभिप्रायवहीसुद्धा जिल्ह्याकडूनच आली. शहाण्णव पानं, प्रत्येकावर क्रमांक, पानांतून दोरा ओवलेला आणि दोऱ्यावर लाखेची मोहोर. एक पान फाडलं तरी दोरा बोलायचा. वहीत आलेल्या प्रत्येक तक्रारीला जिल्ह्याने चौदा दिवसांत उत्तर देणं बंधनकारक होतं. आणि आमच्याकडची रीत अशी, की पहिलं पान गावातल्या मोठ्या माणसाचं. तो सिनेमा बघायच्या आधीच लिहितो, कारण नंतर त्याला मेजवानीला जायचं असतं. मजकूर वाचनालयातलं कोणीतरी तयार करतं, मोठा माणूस आपल्या अक्षरात उतरवतो आणि हुद्द्यासकट सही करतो. आदल्या वर्षी दूधसंघाच्या अध्यक्षांनी असंच एका नृत्यनाटिकेचं कौतुक केलं होतं, आणि प्रयोगाला ते फिरकलेही नव्हते.

या वेळचा मोठा माणूस त्साचेव होता. मजकूर मी तयार केला.

ल्युबेन मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. सिनेमा चालू असताना कोपऱ्यात बसून सगळ्यांचे संवाद तेच एकट्याच्या आवाजात आमच्या भाषेत बोलायचे. त्यांनी कागद वाचला.

"दोब्रिन्का, हे तू लिहिलंस?"

"सारांशातूनच घेतलंय, मास्तर. शब्द जिल्ह्याचेच आहेत."

"देव तुझं भलं करो," ते म्हणाले. "आणि जमलंच तर माझंही."

पाच वाजता त्साचेव आला. मी गुलाबाच्या मुरंब्याची बशी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. त्याने शाईचं पेन काढलं. अक्षर सुरेख होतं त्याचं.

"नवीन आहात इथे?" त्याने विचारलं.

"आठ वर्षं झाली, कॉम्रेड डायरेक्टर."

त्याने मला ओळखलं नव्हतं. तोवर माझ्या मनात कुठे थोडी भीती होती. ती त्या क्षणी गेली.

तो लिहू लागला. 'उत्पादन वाढावं म्हणून यंत्राची जाळी काढायला लावणारा आणि मग दोष मेलेल्यावर ढकलणारा माणूस खुनी असतो. त्याला कोणतीही शिक्षा कमीच.' 'जाळी' शब्दावर पेन थबकलं.

"हे कुठे घडतं म्हणालात?"

"अमेरिकेत."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि एक चमचा मुरंबा तोंडात टाकला. पुढच्या खुर्चीवर पक्षाचे सचिव बसले होते. त्यांच्यावर छाप पडावी म्हणून त्याने पदरचं एक वाक्य जोडलं, 'आणि हे पाहून गप्प बसणाराही तितकाच गुन्हेगार.' खाली सही ठोकली, 'क्रुम त्साचेव, डायरेक्टर, चर्मोद्योग.' सिनेमाच्या दहाव्या मिनिटाला दोघेही उठून गेले.

सिनेमा तीन आठवडे चालला. खरं सांगायचं तर भिकार होता. पण चित्रकथेतल्यासारखा तो पहारेकरी मुखवट्याची काच खाली ओढून उभा राहिला, की खोलीत कोणी सूर्यफुलाच्या बियासुद्धा सोलत नसे. बाहेर पडताना लोक वहीत लिहायचे. मला अजून पाठ आहे.

'एकच मोटार तीन वेळा जळते. आम्हाला एक मिळायला बारा वर्षं लागतात.'

'नायक भिंतीवर आपटतो तेव्हा भिंत हलते. आमच्या नव्या वसाहतीचे गवंडी तिकडे गेले होते का?'

'रक्त म्हणजे नुसती मिरचीची चटणी. माझ्या सासूबाईंची याहून दाट असते.'

'पहारेकरी सगळा वेळ शिंकत बोलतो, हे शूराला शोभत नाही.' याच्याखाली ल्युबेन मास्तरांनी लिहिलं, 'पहारेकऱ्याला शोभलं असतं, सर्दी मला झाली आहे.'

पण लिहिण्याआधी प्रत्येकजण पान उलटून पहिला अभिप्राय वाचायचा. वाचून माझ्याकडे बघायचा. मी तिकिटं नीट लावत बसायचे.

दुसऱ्या आठवड्यात रुळखात्यातल्या बायका आल्या. त्यांच्यातल्या जाड्या व्हेलिकाने मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "बाई गं, डायरेक्टरला पश्चात्ताप झालेला दिसतोय."

"झाला असेल तर तूही लिही की," मी म्हटलं.

"मी काय लिहू? मी जाळी काढली नाही."

जाळी काढणारा मागच्या रांगेत बसला होता. स्तामेन, कारखान्याचा फिटर. चौकशीत त्याने 'मला आठवत नाही' असं सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी रस्ता बदलून जायचे. तो सिनेमा चौथ्यांदा बघत होता. सगळे गेल्यावर तो वहीपाशी आला, पहिलं पान उघडून उभा राहिला. बोट शेवटच्या वाक्यावर होतं.

"पेन दे," म्हणाला.

मी दिलं नाही. टेबलावर ठेवलं. त्याने उचललं आणि लिहिलं:

'कॉम्रेड डायरेक्टरांशी मी सहमत आहे. चौथ्या रुळाची जाळी मी काढली, चार बोल्ट, त्यांच्याच तोंडी हुकमावरून, पाच मार्च १९८६. पाहून गप्प बसलो. सिनेमा ठीक आहे. स्तामेन गेतोव, फिटर.'

त्यानंतर व्हेलिकाने लिहिलं, की हुकूम दिला तेव्हा ती तिथेच होती. मग तिच्या खात्यातल्या अकरा जणींनी. प्रत्येकीची सुरुवात एकच, 'कॉम्रेड डायरेक्टरांशी मी सहमत आहे.'

त्साचेव तिसऱ्या दिवशी आला. मान वर करून आला.

"ती वही द्या."

"घ्या की. शहाण्णव पानं, दोरा, मोहोर. एवढी पोचपावती लिहून सही करा."

"पहिलं पान फाडा."

"मला नाही फाडता येत. तुम्ही फाडा, मी साक्षीला आहे."

तो दोऱ्याकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "तुम्ही त्या राडकोच्या कोण?"

"बहीण. अर्ज घेऊन आले होते. मेलेल्याचा कागद बदलत नसतो, म्हणाला होतात."

"बसून बोलू आपण. तुमच्या आईचं काय हवं नको ते..."

"सिनेमा सुरू व्हायचाय," मी म्हटलं. "तिकीट काढा, नाहीतर बाहेर जा."

चौदाव्या दिवशी जिल्ह्याच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी सगळी वही वाचली. चटणीपाशी हसल्या, पुढे हसल्या नाहीत. स्वतःच्याच सहीने स्वतःला खुनी ठरवलेल्या डायरेक्टरला कसं वाचवायचं, हे त्यांना उमगलं नसावं. शरद ऋतूत चौकशीचा कागद बदलला, 'यंत्राची जाळी व्यवस्थापनाने काढल्यामुळे.' एकच ओळ. मी ती आईला तीनदा वाचून दाखवली. दुसऱ्या सकाळी ती पावाच्या रांगेत सर्वांत पुढे होती.

त्साचेव तुरुंगात गेला नाही. त्याला सोड्याच्या पाण्याच्या कारखान्यात उपव्यवस्थापक केलं. मला ते पुरलं नाही. आमच्याकडे वर्षश्राद्धाला मेलेल्याचा फोटो छापलेला कागद दारांवर, खांबांवर चिकटवतात. दर नऊ मार्चला मी राडकोचा कागद, खाली ती ओळ छापून, त्साचेवच्या फाटकावर चिकटवत आले. तो फाडायचा, मी संध्याकाळी दुसरा लावायचे. खळ मी नेहमी जास्तच करायचे.

आई ब्याण्णव साली गेली. ल्युबेन मास्तर मुलीकडे वार्ना शहरात गेले आणि तिथेच वारले. व्हेलिका आता स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते, ती स्वतः सत्तरीची आहे. कारखाना बंद झाला, चौथा रूळ भंगारात गेला. वही माझ्या कपाटात आहे, दोरा शाबूत.

त्साचेव शहाण्णव साली मेला. त्याच्या बायकोने त्याचा कागद फाटकावर लावला. मार्चमध्ये मी राडकोचा त्याच्याशेजारी लावला. तो फाडणारा आता घरात नव्हता.

स्तामेन अजून जिवंत आहे. दर नऊ मार्चला खळीची बादली तो उचलतो. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि त्यानेही कधी माफी मागितली नाही. शिडी मात्र मी त्याला धरू देते.