एक सोडला

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, मित्रांनो, आणि मी एका इंचाने खोटे बोलते. हे आधीच सांगून टाकलेले बरे. माझ्या अंगावर चोवीस आकडे कोरलेले आहेत, पण मी आहे तेवीस इंचांची. पहिला इंच माझ्याकडे नाही.

तो कसा गेला ते ऐका. एका शिंप्याने मला सुताराकडून मुद्दाम घडवून घेतले होते. कापड कापायच्या टेबलावर माझा मोठा थाट असे. शिंप्याला एकुलती एक मुलगी. ती सात वर्षांची असताना बटणांच्या डब्याचे झाकण घट्ट बसले, आणि ते उघडायला तिला मीच सापडले. झाकण उघडले, पण माझे टोक कडकन मोडले. पोरीचा चेहरा रडून लालबुंद झाला. शिंपी मात्र रागावला नाही. त्याने मोडके टोक एकच्या रेघेवर सरळ कापले, घासून गुळगुळीत केले आणि मुलीला जवळ बसवले.

"आता हिचा एक म्हणजे शून्य," तो म्हणाला. "मोजताना एक सोडायचा."

त्याने तिचे बोट माझ्या टोकावर ठेवले, त्यावर स्वतःचे बोट ठेवले, आणि दोघे मिळून म्हणाले, "एक सोडला." म्हणजे सोळा इंच हवे असतील तर माझ्यावर सतरा वाचायचे. नवी पट्टी घ्या, असे गिऱ्हाईक सुचवायचे. शिंपी हसून विषय बदलायचा.

पुढे शिंपी गेला. मुलगी मोठी झाली, संसार झाला, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी लांब राहू लागला. रिकामे घर खायला उठते म्हणून ती जुन्या कापडांचे तुकडे जोडून उशांचे अभ्रे शिवू लागली आणि ते ऑनलाइन विकू लागली. खिडकीजवळच्या टेबलावर अभ्रा पसरायचा, आकार कळावा म्हणून शेजारी मला ठेवायचे आणि फोटो काढायचा. खाली ती लिहायची, "पट्टी एक इंच बढाई मारते. लिहिलेलं माप खरं." लोकांना गंमत वाटायची. मला थोडी लाज वाटायची, पण फोटोत यायला कोणाला आवडत नाही?

हाताने वस्तू करणाऱ्यांचा आणि जुन्या वस्तू विकणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. चाळीस माणसे, बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. विणकाम करणारी ती लोकरवाली, जुनी घड्याळे दुरुस्त करून विकणारा तो घड्याळवाला. माझ्या मालकिणीला मात्र सगळे पट्टीताई म्हणत, माझ्यावरून. पार्सल पाठवले की तिथे "निघालं" लिहायचे आणि हाती पडले की "पोचलं". मधल्या दिवसांत एकाच्या पार्सलची काळजी चाळीस जण करायचे. ताईचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा लोकरवालीने महिनाभर तिच्या गिऱ्हाइकांना उत्तरे दिली. दोघी रोज सकाळी चहा पिताना फोनवर बोलत. प्रत्येक वेळी ताई एकच विचारायची, "माप बरोबर होतं ना?" बाकी कशाचाही तिला अभिमान नव्हता.

मग एका सकाळी तिने मला कापडावर ठेवले, खडूने खूण केली आणि कात्री चालवली. नेहमीचे दोन शब्द ती पुटपुटली नव्हती. साठ वर्षांत पहिल्यांदा तिने एक सोडला नव्हता. मित्रांनो, मी ओरडले असते, पण लाकडाला तोंड कुठे असते?

लोकरवालीच्या ते फोटोवरूनच लक्षात आले. फोटोत मी सोळा दाखवत होते आणि खाली ताईने सोळाच लिहिले होते. आठवड्याने एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, उशी आत जाईना. कापड आटले असेल असे ताईला वाटले. पुढचा अभ्राही तसाच झाला, त्याच्या पुढचाही. यानंतर काय घडले ते मला फार उशिरा, लोकरवालीच्या टेबलावर पडल्या पडल्या कळले. घड्याळवाल्याचे म्हणणे होते की ताईला सांगून टाकावे. लोकरवाली ऐकेना. ताईचा जीव त्या शिवणकामात आहे, ती खचेल, असे तिने एकेकाला वेगळा फोन करून समजावले. त्यांनी पाळी ठरवली. मेहुण्याच्या, भाचीच्या, शेजाऱ्याच्या नावाने तेच अभ्रे मागवू लागले, आलेले अभ्रे लोकरवालीकडे ठेवायला पाठवू लागले आणि फोटोखाली लिहू लागले, "माप अगदी नेमकं." ताई ते मला मोठ्याने वाचून दाखवायची.

वर्षभराने लोकरवालीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा ताई पहिल्यांदाच तिला भेटायला गेली. तिच्या खुर्चीला गादी शिवायची म्हणून मलाही पिशवीत घेतले. बसमध्ये चढताना तिने ग्रुपवर लिहिले, "निघाले." दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या, किती तरी वेळ. मग लोकरवाली लंगडत चहा करायला गेली आणि आतून म्हणाली की कपाटाच्या खालच्या कप्प्यातली चादर काढ. ताईने वरचा कप्पा उघडला.

तिथे एकोणीस अभ्रे होते. काही तर पाकिटातून बाहेरही काढलेले नव्हते. पाकिटांवर अनोळखी नावे होती, अक्षर ताईचे होते.

तिने एक अभ्रा पलंगावर पसरला आणि मला त्यावर ठेवले. "सोळा," ती म्हणाली.

लोकरवाली कप घेऊन दारात उभी होती. "ताई, एक सोड," ती हळूच म्हणाली.

ताईने माझ्या टोकावर बोट ठेवले आणि पुन्हा मोजले. पंधरा. दुसरा अभ्रा घेतला, तिसरा घेतला. सगळे मोजून होईपर्यंत ती थांबली नाही.

"नेमकं माप, असं कोण लिहायचं?"

"आम्हीच. पाळीपाळीनं. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट वाटलं असतं," ताई म्हणाली. "मग मी पुन्हा मोजलं असतं."

चहावर साय धरली. ताईने सगळे अभ्रे घड्या घालून होते तसे ठेवले, लोकरवालीच्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि दुपारच्या बसने परत गेली. मी पलंगावरच राहिले. ती मला विसरली, असे मला वाटले. लोकरवाली संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसली होती. अखेर दोन ओळी आल्या.

"पोचले. पट्टी तुझ्याकडेच राहू दे."

त्यानंतर ताईने काही शिवले नाही. दुसऱ्या कुणाचे पार्सल निघाले की ग्रुपवर कधी कधी तिचे नुसते जोडलेले हात दिसतात. लोकरवाली मला तेल लावून पुसते, जपते, आणि पुसता पुसता रडते. ती वाईट बाई नाही. तिने प्रेमानेच केले, म्हणून तर मला तिच्यावर रागावताही येत नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, लाकूड टिकते. पण तुमच्या घरात कुणाचे माप चुकू लागले, तर दुरून कौतुक लिहू नका. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्यांच्या बोटावर आपले बोट ठेवा आणि दोघे मिळून म्हणा, "एक सोडला."